विश्रांतीचा खांब

रविवारी काहीही करायचं नाही, हे ठरवण्यासाठी एकनाथराव घैसासांनी शनिवारी साडेतीन तासांची मीटिंग घेतली. मीटिंगला दोन माणसं होती. एक स्वतः एकनाथराव, आणि दुसऱ्या त्यांच्या पत्नी शरयूताई. शरयूताईंनी त्या साडेतीन तासांत भेंडी चिरली, दोन लोड कपडे धुतले, वाळवले, त्यांच्या घड्या घातल्या आणि मधूनमधून "हं" म्हटलं. एकनाथरावांनी मिनिट्समध्ये लिहिलं, 'सर्वानुमते मंजूर.'

आता रविवारी काही न करण्याची ही वेळ का आली? तर मिशिगनमधल्या नोव्हाय गावच्या डॉक्टर मृणालिनींनी त्यांचं बीपी मोजलं आणि म्हणाल्या, "एकनाथराव, वरचा आकडा एकशे अठ्ठेचाळीस आहे."

"मागच्या वेळी एकशे बेचाळीस होता," एकनाथराव म्हणाले. आवाजात थोडा अभिमानच होता. आयुष्यभर आकडा वर गेला की ज्याला प्रमोशन मिळालं, त्या माणसाची काय चूक?

"हसू नका. सहा रविवार पूर्ण विश्रांती. उठल्यापासून संध्याकाळी पाचपर्यंत काहीही करायचं नाही. पाचला बीपी मोजून लिहून ठेवायचं. सहावा रविवार झाला की सोमवारी माझ्याकडे. आकडा एकशे तीसच्या खाली नसेल तर तुमच्या कंपनीच्या फिटनेस फॉर्मवर मी सही करणार नाही. तीन महिने घरी बसा."

"अहो डॉक्टर, सप्टेंबरमध्ये माझ्या नव्या सीटचं लाँच आहे!"

"ते प्रथमेश करेल. त्याचं बीपी एकशे बारा आहे."

हे शेवटचं वाक्य एकनाथरावांच्या काळजात घुसलं. गाडीची सीट मागे टेकवायला बाजूला एक दांडी असते ना, तिच्या आतले दाते एकनाथराव सव्वीस वर्षं डिझाइन करत होते. अर्ध्या मिशिगनची पाठ या माणसाने टेकवली. स्वतः मात्र गाडीतसुद्धा काटकोनात बसायचा. आणि प्रथमेश कोण? तर त्यांच्याच हाताखालचा एकतीस वर्षांचा मुलगा. पाच वाजता लॅपटॉप मिटतो. सुट्टीवर गेला की 'मी सुट्टीवर आहे' असा ईमेल लावतो आणि खरोखर सुट्टीवर असतो! अशा माणसाच्या हातात आपली सीट? त्यापेक्षा विश्रांती परवडली.

ऑटोवाल्या इंजिनिअरांना एक रोग असतो. कुठलंही काम सुरू करण्याआधी ते कसं कसं बिघडेल याचा मोठा तक्ता करायचा. या तक्त्याला ते एफएमईए म्हणतात आणि देवघरात पोथी असावी तसा तो जपतात. एकनाथरावांनी विश्रांतीचा एफएमईए केला. एकेचाळीस ओळींचा. 'फोन वाजला.' 'अर्धवट काम आठवलं.' 'बायको काही म्हणाली.' प्रत्येकापुढे धोका किती आणि उपाय काय. चौदावी ओळ तेवढी लक्षात ठेवा, पुढे लागेल: 'कोणी हाक मारली. उपाय: ओ देऊ नये, डोळे उघडू नयेत.'

व्हर्जिनियातल्या हर्नडनहून अनयाचा, म्हणजे लेकीचा, व्हिडिओ कॉल आला तेव्हा त्यांनी तिला स्क्रीन शेअर करून तक्ता दाखवला. ती पाच सेकंद बघत राहिली. "डॅड, जस्ट लाय डाउन. इट्स नॉट अ प्रॉडक्ट."

"बघ, हिच्या पिढीला प्रोसेस म्हणजे काय ते माहीतच नाही," एकनाथराव शरयूताईंना म्हणाले. शरयूताई "हं" म्हणाल्या आणि फ्रीजवर एक कोरा कागद चिकटवून त्यावर सहा चौकोन आखले. साधे. पेनाने.

पहिल्या रविवारी सकाळी आठ वाजता एकनाथरावांनी महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जाहीर निवेदन टाकलं: 'यापुढील सहा रविवार मी पूर्ण विश्रांती घेणार आहे. या दिवशी मी कोणतंही काम करणार नाही. कृपया नोंद घ्यावी.'

आपल्या लोकांनी नोंद घेतली. अगदी तत्परतेने घेतली. अमेरिकेतल्या मराठी माणसाला रविवारी कोणी मोकळं सापडतच नाही. कोणाची मराठी शाळा, कोणाचं सॉकर, कोणाची कॉस्टकोची खरेदी. तिथे एक धडधाकट, मिनीव्हॅनवाला माणूस लेखी कळवतोय की सलग सहा रविवार मला काही काम नाही! दहा मिनिटांत मंडळाची सेक्रेटरी चैत्राली हिची व्हॉइस नोट आली.

"एकनाथकाका, हाय! किती छान ठरवलंत यार, सेल्फ केअर इज सो इम्पॉर्टंट. बरं, तुम्ही आज फ्रीच आहात ना, तर गणपतीचं मखर राजारामकाकांच्या बेसमेंटमधून माझ्या गराजमध्ये आणायचंय. अर्ध्या तासाचं काम आहे. थँक्यू सो मच हं काका!"

नाही म्हणायचं असतं, हे एकनाथरावांना थिअरीत माहीत होतं. पण 'काका' म्हटल्यावर नाही म्हणणारा मराठी माणूस अजून ट्रॉयपासून नोव्हायपर्यंत कोणी बघितलेला नाही. मखर बेसमेंटच्या जिन्यात अडकलं. ते आत कसं गेलं होतं हे कोणालाच आठवेना. शेवटी दाराची चौकट काढावी लागली. अर्ध्या तासाचं काम साडेचारला संपलं, आणि पाच वाजता फ्रीजवरच्या पहिल्या चौकोनात आकडा पडला: एकशे बावन्न.

"घरात थांबलं की असं होतं," एकनाथरावांनी निष्कर्ष काढला. "मला बाहेर, मोकळ्या हवेत झोपायची सोय पाहिजे. मागच्या अंगणात झोळी टांगतो."

"सोफा आहे की," शरयूताई म्हणाल्या.

"सोफ्यावरून डिशवॉशर दिसतो. डिशवॉशर दिसला की मला त्याचा खालचा ट्रे नीट लावावासा वाटतो."

"मग लावा ना. अमेरिकेत येऊन बावीस वर्षं झाली, कधी लावलात?"

या प्रश्नाला तक्त्यात ओळ नव्हती.

झोळी आली. पण झोळीला झाडं लागतात दोन, आणि बिल्डरने अंगणात मेपल लावलं होतं एक. म्हणजे दुसऱ्या बाजूला खांब हवा. खांब म्हटला की बांधकाम आलं, आणि बांधकाम म्हटलं की सोसायटीची, म्हणजे एचओएची, परवानगी. त्या कमिटीचे चेअरमन राजारामकाका. वय एक्याऐंशी. पंच्याहत्तर सालापासून अमेरिकेत. रिटायर होऊन सोळा वर्षं झाली, पण सकाळी सात वाजता टाय लावून कॉलनीत कोणाचं गवत किती वाढलंय ते बघत फिरतात.

"अरे एकनाथ, विश्रांती कसली घेतोस?" ते म्हणाले. "आम्ही आलो तेव्हा खिशात आठ डॉलर आणि अंगात एक कोट. एक रविवार झोपलो नाही."

"काका, डॉक्टरांनी सांगितलंय."

"मग घे. पण फॉर्म भर. राजारामकाका म्हणून माझं हो आहे. चेअरमन म्हणून बघावं लागेल."

फॉर्म नऊ पानांचा होता. 'बांधकामाचा हेतू' या रकान्यात एकनाथरावांनी एकच शब्द लिहिला: विश्रांती. अर्ज परत आला. खांबाचा रंग लिहिला नाही. रंग लिहिला. अर्ज परत आला. विश्रांती घेणारा इसम रस्त्यावरून दिसेल का, याचा खुलासा नाही. एकनाथरावांनी रस्त्याच्या चार कोपऱ्यांतून फोटो काढले. ते काढण्यासाठी शरयूताईंना अंगणात आडवं व्हायला सांगितलं. दोन मिनिटं त्या गवतावर पडल्या, आणि तिसऱ्या फोटोपर्यंत त्यांना चक्क डोळा लागला.

"अगं ऊठ, फोटो झाले!"

"झाले?" त्या म्हणाल्या आणि पोळ्या करायला आत गेल्या. हे दृश्य कोणीतरी नीट बघायला हवं होतं. पण एकनाथराव फोटो अपलोड करत होते.

दुसरा रविवार, एकशे चोपन्न.

तिसऱ्या आठवड्यात परवानगी आली. पण मिशिगनमध्ये खांब असा सहज गाडता येत नाही. थंडीत जमीन गोठून फुगते आणि उथळ खांब वर ढकलते, म्हणून खड्डा साडेतीन फूट खोल पाहिजे. खड्डा खणायचा तर आधी फोन करून जमिनीखालच्या गॅस, वीज आणि केबलच्या लायनी दाखवून घ्यायच्या. माणसं आली, गवतावर पिवळे, लाल आणि नारिंगी झेंडे लावून गेली. मेपलच्या आजूबाजूला इतके झेंडे फडकत होते की शेजारच्या कॅरलने कुंपणावरून विचारलं, "काही फेस्टिव्हल आहे का?"

"नो, नो. रेस्ट," एकनाथराव म्हणाले.

कॅरल अकरा वर्षं शेजारी राहत होती. तिने एकनाथरावांना पाईपने पाणी घालताना, बर्फ ढकलताना, छताचं गटर साफ करताना, एकदा तर पावसात गाडी धुताना बघितलं होतं. पण बसलेलं कधी नाही. ती समजूतदारपणे हसली आणि आत गेली.

तिसऱ्या रविवारी दुपारी खड्डा दोन फुटांवर आला आणि खाली दगड लागला. चैत्रालीची व्हॉइस नोट आली. "काका, तुम्ही घरीच आहात ना? तर ढोलपथकाचे ढोल..." ढोल आणताना मिनीव्हॅनचं मागचं दार लागेना. सहा ढोल आणि उघडं दार घेऊन एकनाथराव वीस मैलांच्या वेगाने घरी आले. मागे गाड्यांची अशी मिरवणूक लागली होती की गणपती महिनाभर आधीच आल्यासारखं वाटलं.

मनगटावरचं घड्याळ थरथरलं आणि त्यावर अक्षरं आली: 'आज तुम्ही उत्तम हालचाल केलीत!'

एकशे अठ्ठावन्न.

चौथा रविवार दगड फोडून काँक्रीट ओतण्यात गेला. पाचवा काँक्रीट वाळतंय का ते बघण्यात. वाळतंय का ते बघणं हे काम नाही, असं एकनाथरावांचं म्हणणं होतं. पण दर वीस मिनिटांनी ते लेव्हल घेऊन बाहेर जात. मध्येच आत येऊन "जरा चहा" म्हणत. विश्रांतीच्या दिवशी माणसाला चहा जास्त लागतो, हा त्यांचा आणखी एक शोध. शरयूताई हॉस्पिटलच्या फार्मसीत आठवड्याचे पाच दिवस उभ्या असायच्या. शनिवारी घर. आणि आता रविवारी सहा वेळा चहा, दोन वेळा काँक्रीटचे कपडे, आणि ज्या आमंत्रणांना 'एकनाथ विश्रांती घेतोय' म्हणून नाही म्हणायचं, तिथे घरचा एक तरी माणूस हवा म्हणून त्यांचीच हजेरी.

"अहो, तुमची विश्रांती मला झेपत नाहीये," पाचव्या रविवारी त्या म्हणाल्या.

"एकच राहिलाय," एकनाथराव म्हणाले. एकशे सहासष्टचा आकडा ते हाताने झाकून उभे होते. "एक चांगलं रीडिंग आलं की झालं. नाहीतर सप्टेंबरमध्ये प्रथमेश माझ्या खुर्चीत बसेल. आणि तो टेकून बसतो!"

सहावा रविवार उजाडला. खांब उभा होता, झोळी टांगली होती. ग्रुपवर चैत्रालीने आदल्या दिवशीच मेसेज टाकला होता: 'काका, उद्या फ्रीच आहात तर माझ्या सासूसासऱ्यांना एअरपोर्टवरून घ्याल का? व्हीलचेअर आहे, चार बॅगा आहेत.' एकनाथरावांनी सवयीने अंगठा दाखवून टाकला होता. अंगठा दाखवल्यावर त्यांना घाम फुटला.

"मी जाते," शरयूताई म्हणाल्या. त्यांनी एकनाथरावांचा फोन घेतला, मनगटावरचं घड्याळ काढून घेतलं, बीपीचं मशीन टेबलावर ठेवलं. "पाच वाजेपर्यंत हलायचं नाही. घराला आग लागली तरी नाही." आणि मिनीव्हॅन घेऊन गेल्या.

एकनाथराव झोळीत आडवे झाले.

पहिलं मिनिट बरं गेलं. दुसऱ्या मिनिटाला त्यांच्या लक्षात आलं की खांब डावीकडे झुकलाय. तीन अंश. फार तर साडेतीन. वरचा बोल्ट पान्याने अर्धा फेरा आवळला की सरळ. पाना गराजमध्ये, दुसऱ्या खणात, निळ्या डब्यात. बारा पावलं. पण नाही! सप्टेंबर, लाँच, प्रथमेशची टेकलेली पाठ. एकनाथरावांनी डोळे घट्ट मिटले. मुठी आवळल्या. दात आवळले. पायाची बोटंसुद्धा आवळली. माणूस बुडताना जेवढी धडपड करतो, तेवढी धडपड हा गृहस्थ न हलण्यासाठी करत होता. शरीर फळीसारखं ताठ, चेहरा जांभळा.

कॅरल झाडांना पाणी घालायला बाहेर आली. तिने बघितलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा एकनाथ हलत नव्हता.

"एकनाथ?"

चौदावी ओळ. ओ देऊ नये, डोळे उघडू नयेत.

"एकनाथ! आर यू ओके?"

एकनाथरावांनी श्वाससुद्धा हळू केला. तक्ता काम करत होता! सव्वीस वर्षांच्या करिअरमध्ये इतका चोख एफएमईए झाला नव्हता.

कॅरल नाईन वन वन फिरवून मोकळी झाली.

अमेरिकेत ॲम्ब्युलन्स एकटी येत नाही, बरोबर आगीचा बंबही येतो. सायरन ऐकून एकनाथरावांना वाटलं, कोणाच्या तरी घरी काहीतरी झालंय, बिचारे. मग गवतावर बुटांचे आवाज आले. "सर? सर, कॅन यू हिअर मी?" ही हाकच होती, तेव्हा चौदावी ओळ पुन्हा लागू. मग एक दणकट हात खांद्यावर पडला. स्पर्शाबद्दल तक्त्यात काही नव्हतं. एकनाथरावांनी एक डोळा उघडला आणि त्या धिप्पाड फायरमनला सांगितलं, "प्लीज. इट इज संडे."

"ही इज कन्फ्यूज्ड," फायरमन मागे वळून म्हणाला आणि आधारासाठी खांबाला टेकला.

एवढा मोठा माणूस खांबाला टेकेल, ही बेचाळिसावी ओळ लिहायची राहिली होती. बोल्ट निसटला. एकनाथराव, झोळी आणि मेपलची एक फांदी असा सगळा ऐवज गवतावर आला. खांब मात्र जागेवर राहिला. तीन अंशांतच.

तोपर्यंत राजारामकाका टायसकट पोचले होते. "लोकहो, बाजूला व्हा!" असं ते मराठीत म्हणाले आणि मग एकनाथरावांवर वाकून हळूच म्हणाले, "अरे, बंब लॉनवर उभा आहे. त्याची परवानगी कोणी घेतली?"

एकनाथरावांना स्ट्रेचरवर घातलं. छातीवर पट्टा, मांडीवर पट्टा, पायावर पट्टा. ॲम्ब्युलन्समध्ये सरकवलं, दार लावलं. आणि काय सांगू! फोन नाही. घड्याळ नाही. खांब दिसत नाही. हात पट्ट्याखाली, म्हणजे पाना आणायचा प्रश्नच नाही. चैत्राली इथे पोचू शकत नाही. या देशात पहिल्यांदाच कोणाला त्यांच्याकडून काही नको होतं, आणि द्यायचं म्हटलं तरी देता येत नव्हतं. पॅरामेडिक मुलगी दंडाला पट्टी बांधेपर्यंत एकनाथराव घोरायला लागले होते.

"वन ट्वेंटी-टू ओव्हर सेव्हंटी-सिक्स," ती म्हणाली. "परफेक्ट."

त्याच वेळी मिनीव्हॅन कोपऱ्यावर वळली. शरयूताईंनी दारात बंब बघितला, ॲम्ब्युलन्स बघितली, गाडी रस्त्याच्या मधोमध सोडली आणि धावत सुटल्या. आत चैत्रालीचे सासूसासरे तसेच बसून. ॲम्ब्युलन्सचं दार उघडलं तर नवरा तोंड उघडं टाकून घोरतोय आणि कागदावर एकशे बावीस.

"ही इज फाइन, मॅम. जस्ट स्लीपिंग."

शरयूताई ॲम्ब्युलन्सच्या पायरीवर बसल्या. गाडी चालवणं सोडलं तर सकाळपासून पहिल्यांदा. त्यांनी चपला काढल्या. कपाळावरचा घाम पुसला. ती मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मे आय?" पट्टी त्यांच्या दंडाला बांधली. फुगली. सुटली.

मुलीने एकदा आकड्याकडे बघितलं, एकदा शरयूताईंकडे, आणि पट्टी पुन्हा बांधली.

एकशे बहात्तर.

सोमवारी डॉक्टर मृणालिनींनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. मग एकनाथरावांच्या फिटनेस फॉर्मवर सही केली. एकनाथरावांनी सुटकेचा निःश्वास सोडला. लाँच वाचलं. प्रथमेश हरला. ते उठायला लागले तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, "बसा. हा फॉर्म तुमचा झाला. शरयू, गोळी आजपासून सुरू. आणि सहा रविवार तुझे. उठल्यापासून पाचपर्यंत काहीही नाही."

"डॉक्टर, मी तिच्यासाठी तक्ता..."

"एकनाथराव," डॉक्टर म्हणाल्या, "तुम्ही चहा करा."

पुढच्या रविवारी एकनाथरावांनी सकाळीच चैत्रालीला कळवलं की आज मखर रंगवायला जमणार नाही. हे लिहायला त्यांना चाळीस मिनिटं लागली आणि तीनदा 'सॉरी' घालून दोनदा खोडलं. चैत्रालीचं उत्तर चार सेकंदांत आलं: 'नो वरीज काका!' म्हणजे गेली बावीस वर्षं एवढं सोपं होतं तर, हे कळून ते जास्तच दुखावले.

शरयूताई बाहेर आल्या. ना तक्ता, ना निवेदन, ना घड्याळ. झोळी पुन्हा टांगली होती, तिच्यात पडल्या, आणि चहाला उकळी फुटायच्या आत झोपल्या. एकनाथराव शेजारी उभे राहून बघत होते. काही तयारी नाही, काही प्लॅनिंग नाही! हे असं जमतं तरी कसं लोकांना?

कुंपणापलीकडून कॅरल कुजबुजली, "इज शी ओके?"

"स्लीपिंग," एकनाथरावांनी कुजबुजत उत्तर दिलं, आणि तेवढ्यात त्यांची नजर खांबावर गेली. तीन अंश. अजूनही तीन अंश. कोणालाही न कळता ते बारा पावलं गराजमध्ये गेले, दुसरा खण, निळा डबा. चवड्यांवर चालत परत आले. पाना बोल्टला लागणार...

"अहो," डोळे मिटलेल्या शरयूताई म्हणाल्या. "तो पाना खाली ठेवा."

एकनाथरावांनी पाना गवतावर ठेवला. वाकड्या खांबाकडे पाठ केली, आणि ते चहा गाळायला आत गेले. आत गेल्यावर डिशवॉशर दिसला. त्याचा खालचा ट्रे, बावीस वर्षांत पहिल्यांदा, त्यांनी लावला. चुकीचा लावला, पण लावला.